डावा हात

योनेझावाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात वाकुईबाईंची हयात गेली, तरी तपासणीच्या तासाची धास्ती काही सुटली नव्हती. आजही साहेब मागे उभेच होते.

"जपानीत सकर्मक-अकर्मक क्रियापदांच्या जोड्या असतात. इंग्रजीत एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं, असं कोणतं?" बाईंनी विचारलं.

झाडून सगळे हात वर! येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा, हे बाईंनी कालच पढवलं होतं. त्या उजवा हात निवडणार, तोच साहेब चिहाकडे बोट दाखवून म्हणाले, "तू सांग गं!"

चिहाचा डावा हात झरकन खाली आला.

"येत नाही, साहेब."

"मग हात कशाला वर केलास?"

चिहाने बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले.

तेव्हा वाकुईबाईंनी स्वतःचा डावा हात वर केला.