चन्नप्पाचं नाक

चन्नप्पाच्या टेबलाशेजारी रंगाचा एक रिकामा डबा असतो. तंबाखू खाऊन तो त्यात थुंकतो. सिरसाळ्यात लॅपटॉप उघडणारा तेवढा एकच, म्हणून लोक नाक दाबून त्याच्याकडेच जातात. आज रविवारी मलाही जावं लागलं. पूजा आटोपून, धुतलेलं लुगडं नेसून त्या दुकानात पाय ठेवला आणि पदर नाकाला लावला.

सुनेचा, प्रियदर्शनीचा लॅपटॉप महिनाभर नीट उठत नव्हता. बटण दाबलं की उजेड यायचा, कंपनीचं नाव दिसायचं आणि गप्प. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. ती घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. दोन सोमवार वाया गेले, तेव्हा तिच्या साहेबांनी बजावलं, येत्या सोमवारी दहाला मशीन चालू नसेल तर पुण्यात येऊन बसा. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माझा राम इथं आडत दुकानात आणि ती तिकडं.

दुरुस्तीला ती स्वतःच निघाली होती. पण तिचे ते चार दिवस चालू. मी म्हटलं, "तू हात लावू नको. तुझ्या हातानंच त्याचं हे झालंय." तिनं उचललेली पिशवी खाली ठेवली आणि आत गेली.

चन्नप्पा पन्नाशी ओलांडलेला. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, पण दुकानात देवाचा एक फोटो नाही, उदबत्तीची काडी नाही. असल्या दुकानात बरकत कशी राहायची, असं मनात आलंच. वीस वर्षं तो जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाच्या ढिगात आग धुमसते ती आधी दिसत नाही, वासावरूनच कळते. तो वास ओळखायचं काम ह्याचं. जिनिंग बंद पडली तशी मिक्सर-पंखे करायला लागला, मग मोबाईलवर बघून बघून लॅपटॉप शिकला.

"सुनेचं आहे," म्हणत मी मशीन पुढं ठेवलं. त्यानं बटणही दाबलं नाही. उचलून थेट नाकाला लावलं.

"शी! कुत्र्यासारखं काय हुंगता?"

"डाक्टर नाडी बघतो वैनी, आमी वास बघतो." पुन्हा हुंगलं. "गुग्गुळ. आन् तूप. कुठं ठिवता ह्याला?"

"तिचं काम झालं की देवघरात."

"कावून?"

"घरातली लक्ष्मी आहे ती. दिवाळीपासून समईजवळच ठेवते. आणि बिघडल्यापासून दोन्ही वेळ धूप दाखवते. विटाळ जावा म्हणून."

"कसला इटाळ?"

परक्या पुरुषाला काय सांगणार? मी खाली बघितलं. त्याला कळलं. डब्यात पचकन थुंकून म्हणाला, "आमच्या लिंगायतांत त्यो मानत न्हाईत. ऱ्हाऊ द्या. मशीन बी मानत न्हाई."

मग उठला. चूळ भरली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले. पुढचा अर्धा तास तोंडात तंबाखू नाही की डब्याकडं बघणं नाही. एवढं सोवळं मी आमच्या भटजींचंही बघितलेलं नाही. बारक्या पेचकसानं स्क्रू काढून त्यानं पाठ उघडली आणि चिमट्यानं पंख्यातून एक काळा गोळा ओढून काढला. डांबरासारखा चिकट. त्यात केस, राख, आणि गुळात माशी रुतावी तसं एक झुरळ. मी दोन पावलं मागं सरले.

"पंखा फिरत न्हाई, म्हनून मशीन भेती," तो म्हणाला. "तापून मरन्यापरीस आदीच निजती. माझ्या दुकानात उदबत्ती न्हाई ती ह्याच्यासाठीच. देव घरी. घ्या, वास घ्या."

"मी नाही घेणार."

"घ्या वं! झुरळ मेलंय, चावत न्हाई."

घेतला. माझ्याच देवघराचा वास. रोज पहाटे डोळे मिटून घेते, तोच.

त्यानं ब्रशानं, स्पिरिटनं सगळं पुसलं, बटण दाबलं. पंखा घुरघुरला, नाव आलं, गेलं, आणि पडदा पूर्ण उजळला. मी पिशवी उचलली, तेवढ्यात त्यानं तो गोळा पेपरात गुंडाळून माझ्या हातात कोंबला.

"सूनबाईला दावा. न्हाईतर पोरगी उगं सोताला दोष दीत बसंल."

स्टँडजवळच्या गटारापाशी पुडी टाकायला पिशवीबाहेर काढली होती. कोणी बघत नव्हतं. पण लॅपटॉप चालू झालेला बघून ती पोर काय समजणार? आपण हात लावला नाही म्हणून झाला, हेच ना? पुडी पुन्हा पिशवीत टाकली.

घरी तिच्यापुढं उघडली.

"ई! काय हे, आई?"

"माझं आहे," मी म्हटलं. "धूप. तुझ्या हाताचं त्यात काही नाही."

तिनं पुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. "मग आता लावू हात?"

"लाव."

तिनं लॅपटॉप चालू केला, तो झाला. मग देवघरापासून लांब, खिडकीजवळच्या फडताळात नेऊन ठेवला. जाताना मला विचारलंही नाही.

संध्याकाळी धूप घालायला बसले आणि त्या वासानं तो काळा गोळाच डोळ्यांपुढं आला. नुसता दिवा लावून उठले. चन्नप्पाच्या डब्याची शिसारी अजून गेलेली नाही. पण तो डबा तो सगळ्यांसमोर ठेवतो, माझा गोळा मात्र आत दडून होता.