विहिरीतलं पेट्रोल

ती विहीर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काठाचे दगड काळे पडलेले, स्टार्टरची पेटी वितळून लोंबकळलेली, आणि भर उन्हात पेट्रोलचा वास.

पळसदेवच्या बाजूचा एक शेतकरी उसाला पाणी द्यायला गेला. मोटर चालू करताच विहिरीतून आगीचा लोळ उठला. जेवण घेऊन येणाऱ्या बायकोच्या देखत तो भाजला आणि दवाखान्यात दगावला. मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. शॉर्टसर्किट, असं गाव म्हणत होतं.

जबाब देताना ती बाई म्हणाली, "सायेब, पाण्याला वास यायचा. चार दिस यायचा, मग जायचा. ह्यांना वाटलं, मोटरीचं आइल गळतंय."

त्या शिवारातून इंधनाची भूमिगत पाइपलाइन जाते. मी कंपनीला कळवलं. एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी लॅपटॉपवर प्रवाहाचा आलेख दाखवला. मध्येच खाली जाणारा, पुन्हा सावरणारा.

"आम्हाला आधी पंपाचा दोष वाटला," त्या म्हणाल्या. "पंप बदलला, मीटर तपासले. तरी चढउतार थांबेना. कोणीतरी मध्येच झडप उघडतंय. उघडली की दाब पडतो, आणि ती घट दोन्ही बाजूंच्या स्टेशनांवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून जागा काढता येते."

त्यांनी काढलेली जागा विहिरीच्या वरच्या अंगाला होती. तिथं मयताच्या चुलतभावाचं पोल्ट्रीचं शेड होतं. त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "पोल्ट्रीत एक कोंबडी न्हाय, टँकर मातुर येतुय."

छाप्याची मला घाई होती. इंजिनिअर बाईंनी अडवलं. आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून प्रवाह थांबवला, मगच फावडं लावू दिलं. शेडच्या फरशीखाली पाइपला जोडलेली चोरटी झडप सापडली. सांध्यातून पेट्रोल पाझरत होतं. मुरमातून उतारानं ते विहिरीत जमत होतं आणि त्याची वाफ विहिरीत कोंडत होती.

चुलतभाऊ भावाच्या तिरडीला खांदा देऊन आलेला. समोर बसून रडला. शेड भाड्यानं दिलं होतं, हेच धरून बसला. भाडेकरू फरार. माणूस खोटं बोलताना मोठ्या गोष्टींची तयारी करून येतो, म्हणून मी घरातलं विचारायला लागलो. पोरं काय करतात, म्हैस दूध किती देते, प्यायला पाणी कुठलं?

"जारचं," तो म्हणाला.

"ती विहीर तर सामाईक आहे. मग जार कशाला?"

"पाणी खराब हाय तितलं."

"आणि म्हशीला?"

"तिला बोअरचं." बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"तात्या, तुम्हाला वास कधी आला?"

"दिवाळीच्या आधी. त्या लोकांना सांगितलं, सांधा गळतुय. ते म्हनले, करू नीट."

"भावाला?"

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं ठाण्यात सांगितलं असतं, सायेब."

चोरीची कलमं होतीच, सदोष मनुष्यवधाचं वाढवलं. पुढे भाडेकरूही सापडले. पाइप दुरुस्त झाला, आलेख सरळ झाला. विहीर मात्र उपसून उपसूनही पिण्याजोगी झाली नाही.

त्याची कबुली मी मयताच्या बायकोला सांगितली, तेव्हा ती रडली नाही. "मोटर चालू करू नगंस, एवढंच म्हनायचं हुतं," ती म्हणाली. "कारण कुनी इचारलं असतं?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत अकस्मात मृत्यूच्या प्रत्येक पंचनाम्यात मी एक गोष्ट आवर्जून तपासली: त्या धोक्यापासून स्वतःला आधीच कोणी सांभाळलं होतं? बहुतेक वेळा कोणीच सापडलं नाही. जेव्हा सापडला, तेव्हा तो मयताच्या घरातच बसलेला होता.