टीव्ही सुस्थितीत असल्याबाबत

विषय : मंडळाच्या वाचनकक्षातील स्मार्ट टीव्हीला ॲपचा बॉक्स जोडण्याबाबत.

संदर्भ : १) टीव्हीच्या पडद्यावर आलेली सूचना. २) गिते नानांची तोंडी विनंती. ३) अध्यक्षांचे 'बघू'.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, हा विषय मुळात साधा होता. देवळाली प्रवरेतल्या आमच्या सेवानिवृत्त कर्मचारी मंडळात तो आला आणि साधा राहिला नाही. कचेरीत एका कागदाला दुसरा टाचला की फाईल होते. आमच्या टीव्हीला इतके किस्से टाचले गेलेत, की आता ते सुटे करून सांगितलेलेच बरे.

*

पहिली नोटीस टीव्हीनेच दिली. संध्याकाळी एका वाहिनीचं ॲप उघडलं, तर पडद्यावर अक्षरं आली : 'हे ॲप आता या उपकरणावर चालणार नाही.'

आमचे अध्यक्ष शेटे अण्णा म्हणजे महसूल खात्यातले निवृत्त सर्कल ऑफिसर. नोटीस दिसली की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. त्यांनी ती सावकाश वाचली आणि विचारलं, "खाली सही कोणाची आहे?"

"सही नाही, अण्णा."

"मग मानायची नाही!"

टीव्ही जुना झालाय हेच त्यांना पटत नव्हतं. का, तर रिमोटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही! हवामानाच्या पानावर जिल्ह्याचं जुनंच नाव येत होतं, ते दाखवलं. अण्णा म्हणाले, "येईना का. ऊन तेवढंच आहे."

*

केबल चालू होती आणि मंडळ ती दुपारीच बघायचं, म्हणून बाकी कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं गिते नानांचं.

नाना मूळचे पाथर्डीकडचे. भाऊबंद दर साल ऊसतोडीला जातात, नाना आमच्या कचेरीत शिपाई लागले आणि इकडेच राहिले. त्यांचा मुलगा सोपान जन्मापासून बहिरा. आमच्या वाचनकक्षाच्या खालीच त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. सोपानची मुलगी अश्विनी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली. आता ती पुण्यात असते. त्याच वाहिनीच्या ॲपवर संध्याकाळच्या बातम्या लागतात, त्यात खालच्या कोपऱ्यातल्या गोलात उभी राहून ती त्या बातम्या खुणांनी सांगते.

सोपानपर्यंत आजवर कोणी बातमी पोचवली नव्हती. आता घरचीच पोर सांगायला लागली, तर मोबाईलवर ती हरभऱ्याएवढी दिसे. हात हलताना कळत, बोटं कळत नसत. घरी टीव्ही जुन्या डब्याचा. इंटरनेटवाला मोठा पडदा फक्त मंडळात.

नानांनी अण्णांना विनंती केली. अण्णा म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवसापासून नाना बातम्यांच्या वेळेला येऊन बंद टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. अण्णा वैतागले. "नाना, असं बसून काय होणार?"

"अण्णा, म्या शिपाई हुतो. सायबाच्या दारात बसून जल्म गेला. माजी बसायची लई तयारी हाय. तुमीच काय ते बगा."

*

शेवटी ॲप चालवणारा बॉक्स बघायला आम्ही राहुरीच्या दुकानात गेलो. अण्णा, मी, नाना आणि निवृत्त मुख्याध्यापक घोडके सर. दुकानदाराने एवढे चौघे बघून आधी फ्रिज दाखवला.

मग त्याचं पहिलं मत : "नवा टीव्हीच घ्या ना. ॲपं काय, चार-सहा वर्षांत जुनी होणारच."

अण्णा म्हणाले, "सरकार बदललं म्हणून आम्ही कचेरी पाडत नव्हतो. फक्त फोटो बदलायचो."

त्याने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक टीव्हीच्या पाठीत खोचायची कांडी, दुसरा वायरने जोडायचा बॉक्स. आमचा टीव्ही भिंतीला इतका चिकटवलाय की मागे पालसुद्धा आडवी होऊन जाते. म्हणजे कांडी बाद. बॉक्स हातात घेऊन अण्णा म्हणाले, "एवढाच? यापेक्षा माझा पानाचा डबा मोठा आहे!"

रिमोटला तोंडी हुकूम देता येतो म्हटल्यावर घोडके सर पुढे झाले. रिमोट समोर धरून त्यांनी वर्गातल्या आवाजात बातम्या लावायला सांगितल्या. रिमोट गप्प. पुन्हा सांगितल्या. रिमोट गप्प.

"सर, बोलताना बटण दाबून धरायचं."

सर दुखावले. "माझ्या वर्गात उत्तर यायला बटण दाबावं लागत नव्हतं."

मागून नाना म्हणाले, "न्हाई कसं? छडी काय हुती मग?"

*

बॉक्स ठरला. आता खरेदी. तेव्हा मी नियम काढला. हा नियम मंडळ स्थापन झालं तेव्हा मीच लिहिलेला आहे आणि भाषेच्या दृष्टीने अजूनही उत्तम आहे : आधीची वस्तू निर्लेखित झाल्याखेरीज त्याच कामाची नवी वस्तू खरेदी करू नये. निर्लेखित म्हणजे निकामी ठरवून मालमत्तेतून कमी केलेली.

त्यासाठी मेकॅनिकला बोलावलं. त्याने टीव्ही तपासला, पुसला, चॅनेल फिरवले आणि लिहून दिलं : 'टीव्ही सुस्थितीत आहे.'

"अरे, पण ॲपं चालत नाहीत ना!"

"ॲपं चालत नाहीत, टीव्ही चालतो. खोटं कसं लिहू?"

साऱ्या तालुक्यात खोटं न लिहिणारा माणूस नेमका आमच्या वाट्याला आला. घोडके सरांनी तोडगा काढला, "थोडं पाणी टाकू."

"कशात?"

"टीव्हीत."

हे मुख्याध्यापकाच्या तोंडून! कोणीतरी पाण्याचा तांब्या उचलून कपाटावर ठेवला.

त्यातून टीव्ही एका पतसंस्थेने भेट दिलेला. म्हणजे त्याला काहीही जोडायचं तर तिची ना-हरकत हवी, असं अण्णांचं मत पडलं. मी अर्ज लिहिला. पतसंस्थेने पोच दिली आणि सांगितलं, "संचालकांच्या सभेत ठेवू."

सभा कधी, हे विचारल्यावर तिथला क्लार्क माझ्याकडे बघून हसला. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं कचेरीच्या टेबलामागून मी तेच वापरलं होतं.

*

सोपानने आमची नावं ठेवली आहेत. अण्णा म्हणजे पोटावरून फिरवलेला हात. घोडके सर म्हणजे कान पिळणं. मी म्हणजे तळहातावर मारलेली मूठ, अर्थात शिक्का.

रोज संध्याकाळी तो मोबाईल शिवणयंत्राला टेकवून अश्विनीशी व्हिडिओवर बोलतो. जिन्यावरून जाताना दिसतं. पोट, कान, शिक्का, आणि पलीकडे पोरगी हसून बेजार!

एकदा मी जात असताना त्याने मला थांबवलं. तळहातावर मूठ मारली, मग तोच तळहात गालाखाली घेऊन डोळे मिटले.

मी नानांना विचारलं, "काय म्हणतोय?"

नाना जरा घुटमळले. "काय न्हाई, भाऊसाहेब. इचारतोय, अर्ज झोपला का?"

*

त्या रात्री जेवताना मी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. आमच्या घरच्या टीव्हीचंही हेच दुखणं होतं, पण तिथे मंडळ नाही. सौ. दुकानात गेली आणि बॉक्स घेऊन आली. निकष एकच : रिमोटवर बटणं कमी.

"अहो, घास हातात धरून काय बसलात?"

"नियमात 'खरेदी' शब्द आहे. उसनं आणण्याबद्दल नियम काहीच बोलत नाही."

तिने ताट सरकवलं, उठून आमच्या बॉक्सची वायर काढली आणि तो पिशवीत घातला. "उद्या घेऊन जा. आणि मीही येणार आहे. माझी मालिका बुडवून देतेय, तर कोणासाठी ते बघायला नको?"

दुसऱ्या दिवशी मंडळात अण्णांनी हरकत घेतली. "ना-हरकत आलेली नाही, भाऊसाहेब."

"हरकतही आलेली नाही, अण्णा."

असलं उत्तर अण्णांनी नोकरीत अनेकांना दिलेलं असावं. त्यांनी स्वतःच्या हाताने रिमोटचं प्लास्टिक काढलं.

*

सोपान दुकान बंद करून आला. गळ्यातली टेप काढायची राहिली होती. नाना नेहमीच्या खुर्चीत. समोरचा टीव्ही त्या वेळेला पहिल्यांदाच चालू.

बातम्या लागल्या. कोपऱ्यातला गोल ताटाएवढा झाला होता आणि त्यात अश्विनी, बोटांच्या पेरांसकट.

अण्णांनी सवयीने आवाज वाढवला. घोडके सरांनी त्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण बंद केला. सोपान उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलत नव्हते, हात मात्र मांडीजवळ बारीक बारीक हलत होते, तिच्या मागोमाग. त्या दिवशी जगात काय घडलं, ते आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. सोपानला विचारावं लागेल.

बातम्या संपल्या. नावं सरकू लागली. अश्विनीने हात जोडले. मग एकदम तळहातावर मूठ मारली, तोच तळहात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. लगेच गोल गेला.

सोपान मोठ्याने हसला. इतक्या वर्षांत आम्ही त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. हसत हसत तो वळला आणि सरळ माझ्याकडे बघू लागला.

"काय म्हणाली, काय म्हणाली?" अण्णा खुर्चीतून उठले. "मंडळाचं नाव घेतलं का?"

नाना चष्मा पुसू लागले. सौ. पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हणालो, "सगळ्यांना नमस्कार सांगितला."

सदर अर्ज पतसंस्थेकडे अद्याप प्रलंबित आहे.