रागीट ताईंची फेरी

राग तिच्या नाकावरच असायचा, आणि त्या रागाने तिचं भलं कधीच केलं नाही. कापडाच्या दुकानातली नोकरी गेली, कारण एका गिऱ्हाइकाने अख्खं कपाट उपसायला लावलं आणि शेवटी "बघून येतो" म्हणाला. तिने हातातला तागा उलगडून त्याच्याच अंगाभोवती गुंडाळला. मग शाळेतली नोकरी गेली. तिथले मुख्याध्यापक मुलांच्या नळाला कुलूप घालायचे आणि स्वतःच्या बागेला पाणी सोडायचे. हिने पालकांच्या सभेत उभं राहून तेवढंच सांगितलं. आता यात तिचं काय चुकलं, सांगा बरं? पण पगार मुख्याध्यापकांच्या हातात होता, तेव्हा घरी ती बसली, ते नाही.

घर म्हणजे अक्काची एक खोली. अक्का तिची थोरली बहीण. नवरा अकाली गेला, पदरात मुलगा, पाठीवर ही तोंडाळ धाकटी. दोघांना तिने जुन्या शहरातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाढवलं. बाईचा आवाज कधी चढला म्हणून नाही. धाकटी नोकरी सोडून पाय आपटत जिना चढून आली की अक्का "पुन्हा?" एवढंच विचारायची आणि ताट वाढायची.

अक्काचा मुलगा, म्हणजे हिचा भाचा, मोठा झाला आणि त्याने धंदा काढला. लोकांना जुनं शहर पायी फिरवून दाखवायचं. शहराच्या वेशीबाहेर टेबल टाकलं, गळ्यात भोंगा अडकवला. माहिती सांगायला माणूस हवा होता आणि मावशी घरात रिकामी बसून भांडी आपटत होती. तो म्हणाला, "मावशी, तूच ये. पण जरा गोड बोल."

गोड! पहिल्याच दिवशी वेशीच्या तोंडाशी लोक फोटोसाठी अडून बसले, तशी ही कडाडली, "अहो, चला की! शत्रूलासुद्धा आत शिरायला एवढा वेळ लागला नव्हता!" एकजण दगडावर किल्लीने नाव कोरत होता, त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "घरच्या भिंतीवर कोर जा. बायको विचारेल तेव्हा सांग, मी फार मोठा माणूस आहे म्हणून." भाच्याने कपाळावर हात मारला. झालं, धंदा बुडाला.

पण लोक हसत हसत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी आपल्या पाहुण्यांना घेऊन आले. कुणी फोनवर लिहिलं, की वेस ठीकच आहे, पण ती बाई चुकवू नका. महिन्याभरात टेबलामागे पाटी लागली: "रागीट ताईंसोबत पायी फेरी. ओरडा मोफत." पाटीवर हिचा फोटो, बोट रोखलेलं, डोळे वटारलेले.

ती पाटी बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काय विदूषक आहे का रे?"

"मावशी, तू वेगळं काहीच करू नकोस. आहेस तशीच राहा," भाचा म्हणाला. "बघ, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या रागाचं कुणीतरी कौतुक करतंय."

कौतुक कसलं डोंबलाचं! ती खंदकात सोडलेल्या गटाराबद्दल पोटतिडकीने बोलायची, मातीने बुजवलेल्या विहिरीबद्दल बोलायची, आणि समोरची माणसं एकमेकांना कोपराने ढोसायची. "आता चिडली बघ," म्हणायची. तिला डिवचायला लोक मुद्दाम भिंतीवर चढायचे, मुद्दाम पाठ फिरवून उभे राहायचे. एक बाई तर आपल्या नवऱ्याला पुढे ढकलून म्हणाली, "ताई, यांना जरा झापा ना, यांचा वाढदिवस आहे." तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि त्यांचे पैसे वसूल व्हायचे. तरी ती रोज जायची, कारण त्या पैशांवर घर चाललं होतं. अक्काला मात्र ते पटत नव्हतं. खिडकीत बसून ती खालून जाणारी गर्दी बघायची. "तू बोलतेस आणि ते हसतात. मला नाही गं बघवत," ती म्हणायची.

त्या वर्षी वेशीचे मोठे दरवाजे दुरुस्तीसाठी बंद केले होते. खिळे गंजलेले, लाकूड कुजलेलं, समोर परांची बांधलेली. जायला-यायला एकच वाट उरली, मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा. मान वाकवायची, उंबरठा ओलांडायचा, एकामागून एक. गाड्या बाहेर. भाजीची पाटी असो, गॅसची टाकी असो, सगळं त्या भोकातून. रहिवाशांनी अर्ज केले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी ती आपला घोळका घेऊन वेशीच्या आतल्या वळणाशी उभी होती. लोकांना वळण दाखवत होती. शत्रूचा हत्ती धावत येऊन दरवाजाला धडक देऊ नये म्हणून वाटच वाकडी केलेली. तेवढ्यात फोन वाजला. खोलीखाली जिचं दुकान होतं त्या शिंपिणीचा. "लवकर या हो. अक्कांच्या छातीत दुखतंय, घामाने भिजल्यात. दवाखान्याची माणसं आलीत, खुर्चीत बसवून खाली आणतायत. गाडी वेशीबाहेर उभी आहे."

तिने आधी भाच्याला फोन लावला. वाजत राहिला. तो बाहेर तिकिटं फाडत होता आणि भोंग्यावर ओरडत होता, त्याला कुठला फोन ऐकू येणार! मग ती वळली. दिंडी दरवाजात तिच्याच घोळक्यातली माणसं एक पाय आत, एक पाय बाहेर करून फोटो काढत होती.

"बाजूला व्हा!" ती ओरडली. "वाट सोडा! पेशंट येतोय!"

लोक खूश झाले. खरंच खूश झाले हो! फोन वर गेले. मागचा कुणी म्हणाला, "आली, आली रंगात."

"अरे, माझी बहीण आहे! सरका!" तिने एकाचा दंड धरून ओढला, तसा तो हसत हसत आणखी घट्ट उभा राहिला. "ताई, शत्रूलासुद्धा एवढी घाई नव्हती," तो म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. तिने भाच्याच्या नावाने हाक मारली. दरवाजातून बाहेर तोंड काढून, गळा फुटेस्तोवर मारली.

बाहेर भाच्याने तो आवाज ऐकला. आवाज ऐकला, शब्द नाही. टेबलापाशी पुढचा मोठा घोळका ताटकळत उभा होता. त्याने भोंगा तोंडाला लावला. "चला, चला, आत सुरू झालंय! ताई आज फुल फॉर्ममध्ये आहेत. उशीर करू नका!"

आणि तो घोळका हसत, ढकलत दिंडी दरवाजात घुसला.

बाहेरचे आत आणि आतले बाहेर, मधे ती. खुर्ची वळणावर आली तेव्हा हात घालायलाही जागा नव्हती. खुर्ची उचलणारी दोन्ही माणसं घामाघूम, "हटो, हटो" करत होती. खुर्चीत अक्का, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ निळे पडलेले. कुणीतरी टाळी वाजवली. "अरे वा, आज सोबत नाटकपण आहे!" धाकटी तोंडाला येईल ते बोलत होती, शिव्या देत होती, हाताने मारत होती, आणि जितकं मारत होती तितकं ते हसत होते.

शेवटी अक्कानेच मास्क खाली ओढला. बोलायला श्वास नव्हता. तिने समोरच्या अनोळखी माणसांपुढे हात जोडले.

तेव्हा कुठे हसणं थांबलं. जोडलेले हात बघून मेल्यांना कळलं! मग एकेक जण अंग चोरून भिंतीला लागला. खुर्ची उचलून उंबरठ्यापलीकडे काढली. बाहेर भाचा भोंगा घेऊन उभा होता, तो आईला बघून तसाच गाडीमागे धावला.

दवाखान्यात डॉक्टर फार वेळ आत नव्हते. बाहेर येऊन त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जरा आधी आणलं असतंत तर प्रयत्न करता आले असते." मग मान हलवून ते पुढे गेले.

भाचा भिंतीला टेकून उभा होता. भोंगा अजून गळ्यातच. "मावशी," तो म्हणाला, "मला वाटलं तू नेहमीसारखीच ओरडतेयस."

तिने त्याची कॉलर धरली. "तुझ्या नावाने ओरडत होते मी! तुझ्या! तुझी आई होती ती! तूच लोटलीस ती माणसं तिच्या अंगावर!" ती त्याला गदागदा हलवत होती आणि तो हलत होता. वऱ्हांडा दुमदुमला. एक परिचारिका धावत आली आणि जागीच थांबली.

बाकावर एक तरुण मुलगी बसली होती. तिने शेजारणीला हळूच ढोसलं. "अगं, त्याच ना ह्या? वेशीवरच्या?" आणि तिने फोन वर धरला. तोंडावर हसू आधीच आलं होतं.

मावशीने कॉलर सोडली. ती मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"चालू आहे का?"

"हो," मुलगी म्हणाली.

"मग बंद करू नकोस. आत माझी बहीण मेली आहे. आता मी रडणार आहे. बघ, त्याचंही हसू येतंय का."

मुलीचा हात खाली आला. मावशी तिथेच, तिच्या पायांशी फरशीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. भाच्याने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिने झटकून टाकला.