भाऊजींची बंदूक आणि माझं पिस्तूल

आमचे भाऊजी म्हणजे दिवसभर खांद्याला बंदूक लावून उभा असलेला, मी पाहिलेला सर्वांत निरुपद्रवी माणूस. आणि मी म्हणजे त्यांचा मेहुणा. माझ्याकडे तोंड आहे, हातात कुंचला आहे आणि अक्कल आहे अशी माझी स्वतःची चाळीस वर्षं समजूत होती. ती समजूत एका शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर, कायमची गेली.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत'च्या. छापील फ्लेक्स आल्यापासून माझं काम इतकं कमी झालं की मला कलावंत व्हायला भरपूर वेळ मिळाला. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात मी माझी सही करतो, मग ती पाटी 'शौचालयाकडे' अशी का असेना. लग्न केलेलं नाही. संध्याकाळचं जेवण थोरल्या बहिणीकडे, आणि जेवताना सगळ्या जगाला सल्ला फुकट.

भाऊजी सोळा वर्षं सैन्यात होते. त्यांतली बरीचशी कपड्यांच्या गोदामात गेली, हे कळल्यावर मी मनातून खट्टू झालो होतो, कारण मित्रांना मी भलतंच काही सांगून बसलो होतो. आता नऊ वर्षं ते बँकेच्या दाराशी पहारा करतात. खांद्याला दुनळी, नळ्या जमिनीकडे. बसायला उंच स्टूल दिलंय, पण त्यावर बहुतेक वेळा त्यांची पाण्याची बाटलीच बसलेली असते. नऊ वर्षांत त्या बंदुकीतून बँकेत एक गोळी सुटलेली नाही.

कुठलीही वस्तू माणसाकडे रोखायची नाही, ही त्यांची सवय हाडात मुरलेली. छत्री नेतील तर टोक खाली. टीव्हीचा रिमोटसुद्धा ते जमिनीकडे धरून दाबतात, त्यामुळे चॅनल बदलत नाही आणि शेवटी ताई तो हिसकावून घेते. एकदा जेवताना मी मुद्दा पटवून देण्याच्या भरात त्यांच्याकडे चमचा रोखला, तर त्यांनी दोन बोटांनी तो हळूच खाली केला आणि भात कालवत राहिले. मुद्दा काय होता ते मीच विसरलो.

त्यांची मुलगी सहा वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती बसलेली फक्त फोटोत सापडते. एकदा भाऊजी बँकेतून परस्पर तिला आणायला शाळेत गेले. बंदूक अर्थातच बँकेत कुलपात होती, पण नुसता गणवेश आणि कमरेचा काडतुसांचा पट्टा बघून भिंगरीची एक मैत्रीण रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून भाऊजी बँकेतच कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन घरी येऊ लागले. त्यांना आयुष्यात फार काही नको होतं. बढती नको, मोठं घर नको. बंदूक बँकेच्या दाराबाहेर येऊ नये आणि पोरीनं आपल्याला कधी घाबरू नये, एवढंच हवं होतं.

म्हणून घरात खेळण्यातली बंदूक आणायची नाही, असा त्यांचा नियम. भिंगरीनं अर्थातच घरातल्या प्रत्येक वस्तूची बंदूक केली. कंगवा, हँगर, लाटणं. एकदा तर तिनं पाव कुरतडून कुरतडून त्याचं पिस्तूल बनवलं, मला दोन गोळ्या घातल्या आणि मग ते खाऊन टाकलं.

मला हे बघवेना. कुणीही न विचारता मी तिचं वकीलपत्र घेतलं. लहानपणी आम्ही सगळे बंदुका घेऊन गल्लीभर धावलो, त्यातला कोण खुनी झाला? माझं उदाहरण मी दिलं. मी लहानपणी शेकडो माणसं मारली आणि आज मला झुरळ मारायलाही ताईला हाक मारावी लागते. उलट, ज्या गोष्टीला नाही म्हणाल तिचीच पोरांना चटक लागते. हे सगळं मी कुठेतरी वाचलं होतं, निदान वाचल्यासारखं बोललो तरी.

भाऊजी ऐकून घेत. त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझ्या पोरीला बंदुकीची भीती नको आणि हौसही नको." का, असं विचारलं की गप्प. ज्याच्याकडे बोलायला काही नाही त्याच्याकडे कारणही नसणार, असा मी हिशेब केला. बडबड्या माणसांचा हा हिशेब नेहमीच चुकतो, पण चुकला हे त्यांना बडबडीत ऐकू येत नाही.

भिंगरीचा सातवा वाढदिवस आला. तिच्या आत्यानं सायकल पाठवली, घंटीसकट. मी नेलेली रंगपेटी त्या सायकलीच्या चाकाखाली आली, अक्षरशः. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मी एक प्लॅस्टिकचं पिस्तूल आणलं. पोरीवरच्या प्रेमापोटी आणलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर आत्याच्या सायकलीला मागे टाकायचं होतं. ठरलं असं की पिस्तूल माझ्या दुकानातच राहील, खेळायचं ते तिथेच, आणि घरी अवाक्षर काढायचं नाही.

भिंगरीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "मामा, हे खोटं वाटतं. याचं तोंड लाल आहे."

नळीचं टोक लालभडक होतं खरं. ते तसं का असतं, याचा विचार कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात आला असता. माझ्या मनात मात्र एवढंच आलं की एक सात वर्षांचं गिऱ्हाईक माझ्या दुकानात उभं राहून माल खोटा म्हणतंय. मी बाह्या सरसावल्या. दोन दिवस दवाखान्याची पाटी बाजूला ठेवली. आधी काळ्या ऑइलपेंटचे दोन हात, मग ॲल्युमिनियमची पूड फडक्यानं घासून पोलादाची झाक. हाताळून रंग झिजलेला दिसावा म्हणून कडांना बारीक ओरखडे. मुठीवर कंगव्यानं ओढलेली लाकडाची रेघ. बाजूला इवल्या आकड्यांत एक नंबर. गेल्या पाच वर्षांत मी इतकं मन लावून काही रंगवलं नव्हतं. मुठीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, सवयीनं सहीसुद्धा ठोकली.

भिंगरी बघतच राहिली. मला सायकलीची घंटी ऐकू येईनाशी झाली.

तो शनिवार उजाडला. ताईला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर भिंगरी माझ्याकडे होती. नेमकं मला बँकेत जायचं होतं. माझी सही जुळत नाही म्हणून त्यांनी नवा नमुना द्यायला बोलावलं होतं. कलावंताची सही दर वेळी वेगळी येते, हे त्या लोकांना समजत नाही. मी भिंगरीला बजावलं की पिस्तूल दुकानातच ठेव. ती हो म्हणाली. दप्तर मात्र तिनं पाठीवरून उतरवलं नाही, आणि माझी रंगाचे डाग पडलेली टोपी डोक्यावर घातली. मी वाटेत हवेत सहीचा सराव करत होतो, त्यामुळे बाकीच्या गोष्टींकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

भाऊजी त्या वेळी दाराशी नव्हते, आतल्या बाजूला पाण्याची बाटली भरत होते. मी भिंगरीला बाकावर बसवलं आणि तीन नंबरच्या खिडकीशी गेलो. दोरीनं बांधलेल्या पेनानं दुसरी सही करत होतो, तेवढ्यात मागे सगळं गप्प झालं. नोटा मोजायचं यंत्र तेवढं फरफरत राहिलं. मी वळून बघितलं.

बाकाच्या पाठीवर पिस्तुलाची नळी टेकवलेली होती. तिच्यामागे एक मोठ्या माणसाची टोपी, आणि टोपीमागे काचेच्या दारातून येणारं ऊन. मीच रंगवलेलं पिस्तूल, माझीच टोपी, आणि अर्धा क्षण माझीही पाचावर धारण बसली. आणि सात-आठ पावलांवर भाऊजी उभे होते. बाटली खाली पडून पाणी वाहत होतं. दुनळी त्यांच्या खांद्याला लागली होती आणि दोन्ही नळ्या त्या टोपीकडे होत्या.

मला ओरडायचं होतं. जन्मभर ज्या तोंडानं मी नको तिथे बोललो, त्या तोंडातून आवाज फुटेना. हातात पेन होतं, पेन दोरीला होतं, आणि मी ते ओढत होतो, का कोण जाणे.

"बाबा, हात वर," भिंगरी म्हणाली.

नळ्या खाली आल्या. भाऊजींनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली, बंदूक भिंतीला टेकवली, आणि मगच ते पोरीकडे गेले. गुडघ्यांवर बसले. पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, नळी जमिनीकडे. उलटं केलं. मुठीखालची सही वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामानं केलंय," भिंगरी म्हणाली. "खरं वाटतं ना?"

"हो," भाऊजी म्हणाले. "फार खरं वाटतं."

माझ्या कामाची एवढी मोठी पावती मला कधी मिळाली नव्हती आणि देव करो पुन्हा न मिळो.

मॅनेजर पाणी पिऊन सावरल्यावर म्हणाले की झालं गेलं विसरून जा. ताई मात्र विसरणाऱ्यातली नाही. सुजलेल्या गालानं तिनं मला असं फैलावर घेतलं की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. तिला थांबवलं ते भाऊजींनी. ते म्हणाले, त्याला कशाला बोलतेस, मी तिला बघताक्षणीच ओळखलं होतं, मीपण जरा गंमत केली. भिंगरीनं टाळ्या पिटल्या. बाबा आज पहिल्यांदाच तिच्याशी बंदूक-बंदूक खेळला होता.

मीही सुटकेचा श्वास सोडला. नुसता सोडून थांबलो असतो तर ठीक होतं. पण पुढचे तीन दिवस मी, बघा, शेवटी भाऊजीसुद्धा खेळलेच की, असं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होतो. दवाखान्याच्या पाटीत दोन अक्षरं उलटी पडली, इतका मी खुशीत होतो.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भाऊजी दुकानात आले. पिस्तूल त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे तूच मोड. मी हातोडी घेतली. पहिल्या घावात ते मोडलं नाही, तिसऱ्यात मोडलं. रंगाचा टवका कुठे उडाला नव्हता, आणि हे माझ्या लक्षात आलं याची मला लाज वाटली. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, पण भाऊजी, तुम्ही ओळखलंत म्हणून बरं.

ते स्टुलावर बसले. "ओळखलं नव्हतं," ते म्हणाले.

मी हातोडी खाली ठेवली.

"आपल्याकडे रोखलेली बंदूक आधी दिसते रे. माणूस मागून दिसतो. मला टोपी दिसत होती. माझं बोट घोड्यावर होतं." त्यांनी ते बोट पँटला पुसलं. "ती बोलली नसती तर, मला माहीत नाही. हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस. आणि पोरीला तर कधीच नाही."

इतके दिवस मी ज्यांना कारण विचारत होतो ते माझ्यासमोर कारण सांगत बसले होते, आणि मला ते ऐकवत नव्हतं. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी ताईला तसं सांगतो. ते म्हणाले, तुझी आहेच, पण ते सांगितलंस तर बाकीचंही सांगावं लागेल. मग पोरगी माझ्याकडे कशी बघेल? माझ्या पोटात आजवर एकही गोष्ट टिकलेली नाही. ही टिकली. फार वाईट टिकली. माझी मलाच चीड येते, आणि ती काढायला तोंडही उघडता येत नाही.

जाताना भाऊजी दारात थांबले. म्हणाले, तिनं रोजचा खेळ केलाय. संध्याकाळी मी घरी आलो की ती दाराआड लपते आणि बोटांचं पिस्तूल करून माझ्यावर रोखते. नाही कसं म्हणू? मीच म्हणालो ना, की गंमत होती.

काल मी जेवायला गेलो तेव्हा ते पाहिलं. मी ताटावर बसलो होतो. भाऊजी आले, चपला काढल्या, आणि दाराआडून भिंगरी ओरडली. भाऊजींचा चेहरा पार पांढरा पडला. त्यांनी दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत धुतलेले हात, दहाही बोटं ताठ. ताई हसली. आपल्या नवऱ्याला इतकं सुंदर नाटक करता येतं हे लग्नाला दहा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं, असं म्हणाली.

"बाबाला किती छान घाबरता येतं," भिंगरी मला म्हणाली. मग तिनं ते बोट माझ्याकडे वळवलं. "मामा, आता तू."

भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी ताट बाजूला सारलं आणि हात वर केले.