निवट्याच्या बिळातला वारा

म्हात्रे सर वर्गात शिरले की आधी फळ्याच्या कोपऱ्यात एक नाव लिहीत. आज जे शिकवायचं ते ज्याने शोधलं, त्याचं. "आयतं खाताय, तर रांधलं कोणी ते तरी विचारा," म्हणत. अलिबागच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. घर मिठागरवाल्या आगऱ्याचं.

दरवर्षी एक तास ते देशाच्या विज्ञान अकादमीवर घालवत. परीक्षेत तो प्रश्न कधी येत नसे. "राज्य साहेबाचं होतं. आपल्या माणसाने काही शोधलं तर छापायला विलायतेकडे तोंड करून बसायचं. म्हणून आपल्यांनी आपली पंगत मांडली." ही अकादमी संशोधन छापते, सरकारला सल्ला देते आणि तिचे नवे सभासद जुने सभासदच निवडतात. "बसलेले ठरवतात कोणाला बसवायचं, म्हणून बसलेल्यांनी डोळे उघडे ठेवायचे." त्या पंगतीत एक पान आपलंही असावं, ही त्यांची आस त्यांना लपवता येत नसे.

सरांचा विषय खाडीतले निवटे, चिखलावर उड्या मारणारे मासे. खाडीकाठची पार्वतीबाई खांद्यापर्यंत हात बिळात घालून ते धरायची आणि बाजारात विकायची. तिनेच सरांना सांगितलं, "आत वारा हाय. हाताला लागतो." त्या वाऱ्यामागे सर वीस वर्षं चिखल तुडवत राहिले. निवटा तोंडाने हवा नेऊन बिळात साठवतो आणि भरतीत बीळ बुडालं तरी त्याची अंडी त्या हवेवर जगतात, हे त्यांनी ताडलं. मी त्यांचा विद्यार्थी, तोवर मुंबईच्या एका संस्थेत लागलो होतो. ती हवा यंत्राने मोजली मी. अकादमीच्या नियतकालिकाला निबंध गेला तो तीन नावांनी: पार्वतीबाई, सर, मी.

संपादकांचं उत्तर आलं. पहिल्या व्यक्तीला पदवी नाही, संस्था नाही. तिचं नाव आभारात घ्यावं.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, "आभारात येतंच आहे की, सर."

"मग माझंही तिथेच घाल," सर म्हणाले. "तिच्या पुढे माझं पान नको."

त्यांची समजूत घालायला हवी होती, संपादकांशी भांडायला हवं होतं. मी दोन्ही नावं काढली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्याच निबंधावर मी अकादमीचा सभासद झालो. त्या वर्षी निवट्याचा धडा आला तेव्हा सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं, हे त्यांच्या एका विद्यार्थिनीने मला मोठ्या कौतुकाने कळवलं. पुढे सरांचं नाव सभासदत्वासाठी सुचवायला मी दोनदा अर्ज घेऊन बसलो. त्यात एक रकाना होता, 'प्रमुख संशोधन'. ते तर माझ्या नावावर होतं. अर्ज कोराच राहिला.

सर गेल्या वर्षी गेले. अकादमी आपल्या दिवंगत सभासदांवर चरित्रलेख लिहवून घेते. माझ्यावरही कोणीतरी लिहील, आणि त्यात निवटा येईल. सरांवर तिथे कोणी लिहिणार नाही.

सरांच्या दहाव्याला पार्वतीबाई आली होती. जवळ येऊन बसली.

"त्या वाऱ्याचा कागद सरांनी लिवला व्हता ना? कोनाचे नावान हाय तो?"

"माझ्या."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"तुमी कवा घातला हात बिलान?"