घरी नसलेली इस्त्री

मोठ्या हॉटेलच्या तळघरात, जिथे पाहुण्यांची पावलं कधी पोचत नाहीत, तिथल्या लॉन्ड्रीत मावशींनी एकोणीस वर्षं चादरींना इस्त्री केली. ओली चादर त्यांनी तापलेल्या रोलरमध्ये सारायची, आणि पलीकडून ती कडक होऊन बाहेर आली की जोडीदारणीने ओढून घ्यायची. दोघींचा ताल इतका जुळलेला की तोंडं गप्पांत आणि हात कामात. मावशी खरं तर तिथे कुणाच्याच मावशी नव्हत्या. पण सगळी लॉन्ड्री परस्पर त्यांची भाची होऊन बसली होती.

दाराशी एक फळा होता. वर रंगाने लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खडूने आकडा. तीनशे भरले की सगळ्यांना दोन दिवस पगारी सुट्टी. मावशींचा उजवा हात रोलरखाली गेला, तेव्हा फळ्यावर दोनशे त्र्याण्णव होते.

चादरीचं टोक दुमडलं होतं, ते सरळ करायला त्यांनी बोटं पुढे नेली. बोटं लागताच मशीन बंद करणारी एक दांडी रोलरपुढे असते. ती दोन महिने बिघडलेली होती आणि सुपरवायझरला सांगून सांगून सगळ्यांच्या जिभेला फोड आले होते. जोडीदारणीने धावत येऊन लाल बटण दाबलं आणि हात बाहेर काढला.

सुपरवायझरने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "मावशी, सात दिवस राहिलेत हो. पोरी डोळे लावून बसल्यात."

खोटं बोला, असं तो म्हणाला नाही. तेवढी तसदीही त्याला घ्यावी लागली नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने भाजलं?" आणि मावशी आपणहून म्हणाल्या, "घरी इस्त्री करताना." शेजारी उभ्या सुपरवायझरने, जणू तो त्यांच्या घरीच राहतो, अशी मान हलवली.

फळ्यावर तीनशे लागले, सुट्टी झाली. मावशींची चार बोटं मात्र आत वळली ती वळलीच. पेला धरला की निसटायचा, वेणी घालायला लेक लागायची. दोन महिन्यांनी त्या कामावर गेल्या, तर हॉटेलच्या ऑफिसातून उत्तर आलं: हात बरा होईपर्यंत येऊ नका, आणि अपघात घरचा आहे, तेव्हा उपचार, भरपाई यांपैकी काही आमच्याकडे मागू नका.

घरी लेकीने कपाळाला हात लावला. "आई, आपल्या घरी इस्त्री आहे?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"कपडे सरळ व्हायला गादीखाली ठेवून झोपतो आपण! थाप मारायचीच होती तर तवा म्हणायचंस. तवा तरी आहे घरात."

मावशींना हसू आलं, आणि हसता हसता असा संताप आला की डाव्या हाताने त्यांनी उशी भिंतीवर फेकून मारली.

कामगार भरपाई कार्यालयातल्या कारकुनाने सगळं नीट ऐकलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, कामावर अपघात झाला असेल तर भरपाई हा तुमचा हक्क आहे. तुमची थोडी चूक असली तरी तो जात नाही. पण दवाखान्याच्या कागदावर 'घरी इस्त्री करताना' असं आहे."

"साहेब, माझ्या घरी इस्त्रीच नाही."

"नाही, हे दाखवणार कसं?"

"येऊन बघा."

"आज नसेल. तेव्हा असेल, असं हॉटेलवाले म्हणतील." त्याने चष्मा वर सरकवला. "आणि इथे सही करा. अहो, ही जुन्या सहीशी जुळत नाही."

"जुळली असती तर आले असते कशाला?" मावशी म्हणाल्या.

मग डॉक्टरांकडे. कागद बदलून द्या म्हटल्यावर ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तेच मी लिहिलं." पुन्हा कार्यालय. तिथे नवा अर्ज, त्याला जोडायला जुन्या अर्जाची प्रत, आणि ती प्रत ज्या खिडकीवर मिळते ती खिडकी जेवायला गेलेली. आगगाडीने उडवलं असतं तर एकदाच उडवलं असतं, असं मावशींना वाटलं. हे रोज थोडं थोडं चाललं होतं.

मार्ग एकच उरला होता. पाहिलेल्या माणसाने सांगायचं. आणि पाहिलं होतं फक्त जोडीदारणीने. मावशी चार वेळा तिच्याकडे गेल्या. पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा तिने चहा केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "मावशी, पुढल्या महिन्यात मला कायम करणारेत. तुमच्या पाया पडते, माझं नाव नका घेऊ." चौथ्यांदा शेजारणीने सांगितलं, घरी नाहीये, आणि आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. कारकुनाने कोरा कागद पुढे ओढला. "दवाखान्यात तुम्ही खोटं बोललात, असं आधी लिहून द्यावं लागेल. मी लिहितो, तुम्ही सही करा."

"लिहा. आणि सुपरवायझर शेजारी उभा होता, हेही लिहा."

"ते कशाला? तुमच्यापुरतं सांगा."

"माझ्यापुरतं सांगूनच ही वेळ आली," मावशी म्हणाल्या. आवाज चढला होता. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. "मी एकटी खोटं बोलले नाही. त्याचं लिहा, तर सही."

कारकुनाने सुस्कारा सोडला आणि लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "मशीनच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं?"

मावशींना जोडीदारणीचा दाराआडचा खोकला आठवला. सुट्टीसाठी गप्प, सुपरवायझरसाठी गप्प, आता हिच्या नोकरीसाठी गप्प. सगळ्यांना सांभाळता सांभाळता स्वतःच्या हक्कावर तेवढं पाणी सोडायचं राहिलं होतं. त्यांनी नाव सांगितलं, पत्ताही सांगितला. कारकून म्हणाला, "बावीस तारखेला सकाळी दहाला तिला बोलावू. चार-पाच दिवसांत नोटीस जाईल."

नोटीस पोचायच्या आत आपण पोचावं, म्हणून मावशी तिथून थेट जोडीदारणीकडे गेल्या. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत दार वाजवलं. या वेळी तिनेच उघडलं.

"तुझं नाव दिलं मी," मावशींनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "विचारायचं तरी होतंत मला!"

"चारदा आले होते विचारायला."

"नाही म्हणाले होते ना मी?"

"म्हणाली होतीस."

"मग?" ती कडाडली. "तुमचा हात गेला म्हणून आता माझं पोट मारायचं? काय सांगू मी तिथे जाऊन?"

"ते मी शिकवायला आले नाही. मला शिकवलं नव्हतं कुणी, तरी मी खोटं बोलले, त्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

"आणि सुपरवायझरने मला काढलं तर?"

हे कारकुनाला विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि त्याचाही आता मावशींना राग आला. "ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "बावीस तारखेला, सकाळी दहाला बोलावलंय."

दोघींपैकी कुणी 'आत या' म्हटलं नाही, कुणी 'येते' म्हटलं नाही. मावशी डाव्या हाताने कठडा धरून जिना उतरू लागल्या. एक मजला उतरल्या असतील, तोच वरून आवाज आला, अजून रागातच:

"दहा म्हणजे दहालाच जावं लागतं, की अकरापर्यंत चालतं?"

मावशी थांबल्या. मान वर न करता म्हणाल्या, "दहालाच जा. नंतर बसायला जागा उरत नाही."